करंजओढा, शुक्रवार ते सोमवार

“टाकला का रंग?” मी फोनवर विचारलं.

“टाकला बगा म्याडम. दोन पोती हिरमुजी. पानी लालभडक झालंय,” पलीकडून दस्तगीरमामा ओरडून म्हणाले. त्यांच्या मागं ब्रेकरचा आवाज येत होता.

मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. मी नदीकाठी, करंजओढा नदीला मिळतो त्या तोंडाशी उभी होते. फरशीच्या कोब्यात घालतात ती लाल पूड वर ओढ्यात टाकायची आणि खाली यायला किती वेळ लागतो ते बघायचं, एवढीच चाचणी. नकाशाप्रमाणं मधे साडेचारशे मीटर लांबीची बंद मोरी होती, बारा फूट रुंद, बाजाराखालून सरळ. पाणी लाल व्हायला पंधरा मिनिटं लागली असती, फार तर वीस.

बारा वाजले. तोंडातून पडणारं पाणी काळपटच होतं आणि धार मनगटाएवढी. साडेबारा झाले. उन्हानं डोकं तापलं. मी दोनदा फोन करून विचारलं, रंग नक्की ओढ्यातच टाकलाय ना. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना त्या काळ्या धारेच्या कडेनं एक फिकट, गुलाबीसर दोरा दिसायला लागला.

दीड तास.

थोड्या वेळानं दस्तगीरमामा त्यांच्या लूनावरून आले. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. ते मुकादम होते, पालिकेत एकोणीस वर्षं झालेली, निवृत्तीला तीन उरलेली. त्यांनी उकिडवं बसून त्या धारेकडं बराच वेळ पाहिलं.

“म्याडम,” ते म्हणाले, “मदी कुटंतरी ओढ्याचा गळा आवळलाय.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, पालिकेत कनिष्ठ अभियंता. करंजओढा पश्चिमेच्या माळावर उगवतो आणि शहर ओलांडून नदीला मिळतो. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला त्याच्यावर स्लॅब टाकला गेला. वर रस्ता झाला, हातगाड्या लागल्या आणि खाली ओढा आहे हेच लोक विसरले. दर पावसाळ्यात मात्र वरच्या अंगाला पाणी रस्त्यावर पसरायचं, घरात शिरायचं, आणि लोक आम्हाला शिव्या द्यायचे. शेवटी पालिकेनं ठरवलं, स्लॅब फोडायचा, गाळ काढायचा आणि ओढा होता तसा उघडा करायचा. पहिला टप्पा वरच्या सहाशे मीटरचा, बाजाराखालचा भाग पुढच्या वर्षी. काम माझ्याकडं आलं.

पहिला स्लॅब उचलला त्या दिवशी असा वास सुटला की समोरच्या दुकानांची शटरं खाली आली. पण दीड महिन्यात गाळ निघाला, पात्र रुंद झालं, काठाला दगड बसले, आणि एका सकाळी पाण्यावर चतुर उडताना दिसले. जुन्या म्हाताऱ्या बायका काठावर येऊन बसायला लागल्या. आम्ही इथं धुणं धुवायचो, म्हणायच्या. मला त्या कामाचा फार अभिमान वाटत होता.

घरी मात्र आप्पांना हे काम पहिल्या दिवसापासून आवडलेलं नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील, भालचंद्र हुपरीकर. तेही पालिकेतच ओव्हरसिअर होते. स्लॅब पडला तेव्हाचे सगळे नकाशे त्यांच्या हातचे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. फेब्रुवारीत मी पेढे घेऊन घरी आले तर त्यांनी पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, “हे काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे, रेवा.” मला वाटलं, बाईमाणसानं गाळात उतरायचं म्हणून म्हणतात. मी हसण्यावारी नेलं. एकदाच ते साइटवर आले. आम्ही स्लॅब फोडत होतो तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उन्हात उभे राहून खाली बाजाराच्या दिशेनं बघत राहिले, आणि मी पाणी आणायला वळले तेवढ्यात निघून गेले.

त्या शुक्रवारी, आठ मेला, नदीवरूनच मी सरनोबतसाहेबांना फोन केला. ते आमचे कार्यकारी अभियंता.

“दीड तास लागला, सर. खाली काहीतरी अडकलंय.”

“गाळ असेल. खालचा टप्पा पुढच्या वर्षीच आहे ना? तेव्हा काढू.”

“पण सर, वरचा बांध काढला तर...”

“बांध उद्या निघालाच पाहिजे. पंधराला उद्घाटन आहे. पालकमंत्री येणार. त्यांना डबकं दाखवायचंय का आपण?”

बांध म्हणजे काम चालू असताना ओढ्यात वरच्या टोकाला घातलेला मातीचा बांध. माळावरून येणारं पाणी त्याच्यामागं मोकळ्या रानात तुंबून राहायचं आणि आम्ही पाइपानं थोडं थोडं खाली सोडायचो. तो काढला की ओढा पुरता मोकळा होणार होता.

संध्याकाळी सातला जेवायला बसल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. ते भाकरी मोडत होते.

“दीड तास?” त्यांनी विचारलं.

“दीड.”

“म्हणजे एक पाइप पूर्ण बंद पडलाय,” ते म्हणाले.

मी आमटी वाढत होते. पळी तशीच हातात राहिली.

“कुठला पाइप, आप्पा?”

भाकरीचा तुकडा ताटात ठेवून त्यांनी हात धुतला. जेवण अर्धं टाकून उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“तिथं बारा फुटी मोरी आहे. पाइप कुठून आला?”

“मोरी नाही तिथं,” ते म्हणाले. “सुदर्शन बिल्डिंगपाशी मोरी नाही. भिंत आहे.”

सुदर्शन म्हणजे बाजाराच्या मागल्या गल्लीतली चार मजली इमारत. मी रोज तिच्यावरून जात होते.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ती इमारत नव्हती, नुसता प्लॉट होता, आणि ओढा त्यातून तिरका जात होता. प्लॉट ज्याचा होता त्याचा शब्द तेव्हा गावात चालायचा. प्लॉटच्या वरच्या अंगाला ओढ्यात आडवी दगडी भिंत घातली. पाण्याला वाट म्हणून दोन दोन-फुटी पाइप गल्लीतून फिरवून पुढं परत जोडले. जुन्या पात्रात डबर टाकून ते भरलं. दोन वर्षांनी त्यावर इमारत उठली.

“आणि नकाशात?”

“नकाशात बारा फुटी मोरी गल्लीतून सरळ नेली.”

“कुणी?”

“सही माझी आहे. बघितलीच असशील तू.”

बघितली होती. त्या नकाशावरच माझं सगळं काम चाललं होतं. कोपऱ्यातली ‘भा. रा. हुपरीकर’ ही सही बघून मला पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं.

“धमकी दिली होती का कुणी?”

“नाही गं.” ते माझ्याकडं बघत नव्हते. “तेव्हाच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला. म्हणाले, हुपरीकर, रेघ सरळ काढा. मी काढली. चहा गार व्हायच्या आत झालं सगळं.”

मी फोन उचलला. सरनोबतसाहेबांचा नंबर काढला. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. धरलं नाही, नुसता ठेवला.

“सोमवारी मी स्वतः आयुक्तांकडं जातो. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. ऑफिस बंदच आहे. माझ्या तोंडानं मला सांगू दे. तुझ्याकडून बाहेर आलं तर... दोन दिवस दे मला, रेवा.”

“आणि बांध? तो उद्या काढायचाय.”

“मे महिना आहे,” ते म्हणाले. “पाऊस कुठाय?”

मी फोन खाली ठेवला.

शनिवारी सकाळी मी बांधावर पोचले तेव्हा जेसीबी सुरू होता. बांधामागं हिरवट पाणी तुंबलेलं, त्यात आभाळ दिसत होतं. स्वच्छ निळं आभाळ. दस्तगीरमामा हातातला पंचा पिळत माझ्यापाशी आले.

“म्याडम, कालचं बगून मला वाटतंय, थांबूया. खाली तोंड बंद आणि हितं सोडायचं म्हंजे बरं न्हवं. तुमी म्हनला तर जेसीबीच्या डिझेलचं कायतरी निमित्त सांगतो मी सायबांना.”

एवढं सोपं होतं ते. मी ‘हो’ म्हणायचं होतं. पण सरनोबतसाहेब दुपारी स्वतः येणार होते, त्यांनी कारण विचारलं असतं, आणि माझ्याकडं एकच खरं कारण होतं.

“गाळ आहे खाली, मामा. फक्त गाळ,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “काढू मग?”

“काढा.”

मग वळून त्यांनी हात वर केला आणि जेसीबीची बादली मातीत शिरली. तुंबलेलं पाणी आधी वाट शोधत असल्यासारखं थोडं झिरपलं, आणि मग एकदम सुटलं. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सुदर्शनमधल्या पोतनीसांचा फोन आला. ते सोसायटीचे चेअरमन होते, बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे. पालिकेत दर आठवड्याला तक्रारअर्ज द्यायचे, म्हणून माझा नंबर त्यांच्याकडं होता.

“मॅडम, जरा येऊन बघता का? जिन्याखालची फरशी ओली होतेय. पाण्याची लाइन तर त्या बाजूला नाहीच.”

मी गेले. दुपारचे दोन वाजले होते, गल्ली झोपलेली. जिन्याखाली विजेच्या मीटरचा बोर्ड होता आणि त्याच्यापुढं शहाबादी फरशीचा अरुंद बोळ. पोतनीसांची आई आतल्या खोलीत पलंगावर पडून होती, नव्वदीची. तिनं मला बघून हात जोडले.

“ऐका,” पोतनीस म्हणाले आणि त्यांनी पंखा बंद केला.

आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. खालून, अगदी खोलवरून, कुणीतरी गुळण्या करत असल्यासारखा आवाज. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

“कालपासून चाललंय हे,” पोतनीस हसले. “आई म्हणते, भूत आहे.”

मी खाली बसून फरशीला हात लावला. मे महिन्यात ती माठासारखी गार होती. आणि थरथरत होती, अगदी बारीक, मोटार चालू असलेल्या यंत्राला हात लावावा तशी.

“काय असेल हो?”

“बघते,” मी म्हटलं. “उद्या बघते.”

सोमवारी, अकरा मेला, आप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि साडेदहाला रिक्षानं गेले. मी एक वाजता फोन केला.

“बोललात?”

“आत बैठक चालू आहे. बसलोय बाहेर.”

अडीचला पुन्हा केला.

“आयुक्त जेवायला गेलेत. आले की आत जातो.”

नंतर शिपायाकडून मला कळलं, त्या दिवशी बैठक नव्हतीच. आयुक्त सकाळपासून केबिनमध्ये होते. शिपायानं आप्पांना तीनदा विचारलं, चिठ्ठी आत देऊ का. तीनदा आप्पा म्हणाले, थांबतो.

पावणेचारला पश्चिमेचा माळ दिसेनासा झाला. वळीव होता. वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, आणि पहिले थेंब पडतायत म्हणेपर्यंत गारा सुरू झाल्या. दस्तगीरमामांनी माणसं आधीच पात्रातून वर काढली होती. आम्ही काठावर उभे होतो. दहा मिनिटांत ओढ्याचा रंग बदलला. माळावरचं तांबडं पाणी आलं, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, आणि मग एका लयीत चढत राहिलं. पूर्वी ते वरच अडून रस्त्यावर पसरायचं. आता आम्ही त्याला रुंद, गुळगुळीत वाट करून दिली होती. एवढं पाणी एवढ्या वेगानं खाली जाताना मी पहिल्यांदा बघत होते.

“मामा, सुदर्शन,” मी म्हटलं.

त्यांनी काही विचारलं नाही. लूना चालू केली. “बसा.”

गल्लीत पोचलो तेव्हा मॅनहोलचं झाकण उडत होतं. जिन्याखालच्या बोळात फरशांच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. मी जिन्यात उभी राहून ओरडायला लागले. दारं उघडली. लोक कठड्यावरून वाकून बघत होते.

“सगळे खाली या! बाहेर निघा, लगेच!”

“पावसात कुठं जायचं?” वरून एक बाई म्हणाली.

पोतनीस दारात आले. “मॅडम, हा आदेश कुणाचा? लेखी आहे का काही? असं कुणीही येऊन सांगेल आणि आम्ही घरं उघडी टाकून जायचं? सामानाची जबाबदारी कोण घेणार?”

“काका, वेळ नाही.”

“कारण तर सांगा.”

मी जिन्यात उभी होते. बरेच जण वरून बघत होते.

“ही बिल्डिंग ओढ्यात उभी आहे,” मी म्हटलं. “खाली मोरी नाही, भिंत आहे. पाणी त्या भिंतीमागं भरतंय आणि तुमच्या पायाखालचं डबर धुऊन नेतंय. नकाशा खोटा आहे. माझ्या वडिलांनी काढलाय. भालचंद्र हुपरीकर. आता उतरा.”

क्षणभर कुणी हललं नाही. मग पोतनीसांच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट पडलं, आणि त्या जागी जमिनीपासून छतापर्यंत एक तडा उघडत गेला.

मग मात्र सगळे धावले. दस्तगीरमामा जिना चढून प्रत्येक दार ठोकत गेले. एका बाईनं गॅसवरचं दूध बंद केलं की नाही म्हणून परत वळायचं म्हटलं, तिला त्यांनी दंडाला धरून खाली आणलं. पोतनीसांच्या आईला त्यांनी पाठीवर घेतलं. ती त्यांच्या गळ्याला मिठी मारून मोठ्यानं रामरक्षा म्हणत होती. गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या व्हरांड्यात मी माणसं मोजली. सव्वीस. पोतनीसांनी यादी मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि मान हलवली. सगळे होते.

गल्लीत पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. काही पोरं त्यातून सुदर्शनकडं बघायला निघाली.

“मागं फिरा रं!” दस्तगीरमामा ओरडले. मग मला म्हणाले, “म्याडम, मीटरचा बोर्ड खालीच हाय. पानी त्याला लागलं तर गल्लीतली मानसं चिकटतील. मेन स्विच पाडून येतो.”

मी वीज मंडळाला फोन लावत होते. लागत नव्हता.

‘नको’ म्हणायचं होतं. त्या फरशीला मी आदल्या दिवशी हात लावला होता.

“लवकर या,” मी म्हटलं.

ते पंचा डोक्याला गुंडाळून पाण्यातून गेले. दारातून आत वळताना दिसले. जिन्यातली ट्यूब पेटलेली होती, तिच्या उजेडात भिंतीवर त्यांची सावली होती. मग ट्यूब विझली. सगळी इमारत काळी झाली. म्हणजे स्विच पडला होता. मागं कुणीतरी म्हणालं, शाब्बास.

मग खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. पोतं घसरून पडावं तसा. आणि गल्लीतलं पाणी, जे इतका वेळ चढत होतं, ते एकदम सुदर्शनच्या दाराकडं ओढलं जायला लागलं.

मी हाका मारल्या. धावले असते, पण पोतनीसांनी मला दोन्ही हातांनी मागून धरून ठेवलं. जिन्याखालचा बोळ नव्हता. तिथं काळं पाणी गोल फिरत होतं.

बुधवारी सकाळी ब्रेकर लावून ती भिंत वरून फोडली. पाव तासात पाणी उतरलं. दस्तगीरमामा भिंतीच्या पलीकडं, डबरात सापडले. पंचा डोक्याला तसाच होता. आप्पा त्या वेळी तिथं होते, मी आणलं नव्हतं, ते आपणहून आले होते. सगळ्यांसमोर आयुक्तांपाशी जाऊन ते म्हणाले, “हा नकाशा माझा आहे.” दोन दिवस उशिरा. मी खाली बघत होते.

चौकशी झाली. बाहेरून आलेले अधिकारी होते, सौम्य बोलणारे. आप्पांचा जबाब आधी झाला. मग माझा.

“खाली भिंत आहे हे तुम्हाला केव्हा समजलं?”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आप्पा बसले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “सोमवारी दुपारी. मी तिला फोनवर सांगितलं. तोपर्यंत तिला काहीही माहीत नव्हतं. माझ्या जबाबात आहे ते.”

अधिकारी माझ्याकडं बघत होते. “बरोबर आहे?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

खटला आप्पांवर झाला, बाकीचे हयात नव्हते. तारखा पडत राहिल्या. आप्पा आणि मी त्या ‘हो’बद्दल कधीच बोललो नाही. ते तसेच जेवायचे, तसेच पेपर वाचायचे. फक्त घराबाहेर पडणं त्यांनी बंद केलं. मला पंधरा ऑगस्टला पालिकेनं प्रसंगावधान दाखवल्याबद्दल शाल-श्रीफळ दिलं. सव्वीस माणसांपैकी अठरा जण समारंभाला आले होते. पोतनीसांच्या आईनं नातवाबरोबर माझ्यासाठी साडी पाठवली. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत खैरूनभाभी, दस्तगीरमामांची बायको, बसली होती. तिलाही शाल दिली.

सुदर्शन पाडली. ओढा आता माळापासून नदीपर्यंत सगळा उघडा आहे. करंजाची झाडं मोठी झाली आहेत, सकाळी लोक काठानं फिरतात. मी तिथून जात नाही.

गेल्या वर्षी आप्पा वारले. तेरावा झाल्यावर आठवड्यानं मी खैरूनभाभीकडं गेले. एवढ्या वर्षांत मी ईदला तिच्याकडं जायचे, बसायचे, शिरखुर्मा खाऊन परत यायचे. त्या दिवशी ईद नव्हती. तिनं दार उघडून माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं.

“भाभी, मला तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “चौकशीत मी खोटं बोलले. भिंतीचं मला सोमवारी नाही कळलं. शुक्रवारी कळलं. आठ तारखेला, संध्याकाळी. शनिवारी मामांनी मला विचारलं होतं, बांध काढू का. मी काढा म्हणाले.”

ती भिंतीला टेकून बसली होती. साठीच्या पुढची बाई, हातात तांदळाचं सूप. तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“शनिवारी जेवताना ते म्हनाले, पोरीला कायतरी कळलंय. बापाचं हाय, म्हनून गप हाय. सोमवारी बोलंल. मी म्हनलं, तुमी इचारा की तिला. ते म्हनाले, इचारलं तर तिला खोटं बोलावं लागंल.”

बाहेर कुणाची तरी कुकरची शिट्टी झाली.

“मग तुम्ही... तुम्ही कधीच काही म्हणाला नाहीत. चौकशीत तुम्हालाही बोलावलं होतं.”

“त्यांनी मला न्हाई इचारलं, कुनाला काय म्हाईत होतं ते. त्यांनी इचारलं, दारू पीत होते का.” तिनं सूप खाली ठेवलं. “आनि मी सांगून काय? तुमी सांगाल म्हनून मी वाट बगत होते. पयल्या ईदला आलात तवा वाटलं, आज सांगनार. दुसऱ्या ईदला वाटलं.”

“आप्पा होते तोवर मला...”

“आता तुमचे वडील न्हाईत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आता त्यांचं काय बी बिगडनार न्हाई. तुमचं बी न्हाई. मग आज मला कशाला सांगता? जिथं खोटं बोलला तिथं जावा आनि तिथं सांगा.”

ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. जा म्हणाली नाही. पदर सावरून नुसती उभी राहिली, मी चपला घालेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली नाही. ऑफिसला गेले, माझ्या टेबलाशी बसून आयुक्तांच्या नावानं अर्ज लिहिला. शुक्रवारी काय कळलं, शनिवारी मुकादम दस्तगीर नदाफ यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, रविवारी मी कुठल्या फरशीला हात लावला, आणि माझ्या जबाबातलं कोणतं वाक्य खोटं आहे. आवक-जावकच्या मुलीनं अर्ज वाचला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “मॅडम, नक्की द्यायचाय?”

“शिक्का मार,” मी म्हटलं.